नावेचा पंखा आणि तपकिरीची डबी

शहरांतील घरांत सकाळीं बांगडा किंवा सुरमई येते, तेव्हां ती धरून आणणाऱ्या नावेच्या पाठीमागें पाण्याखालीं फिरणारा पंखा कोणाच्या मनांत येत नाहीं. येण्याचें कारणहि नाहीं. परंतु तो पंखा फिरेनासा झाला म्हणजे नावेची आणि तींतील माणसांची काय अवस्था होते, हें मीं एकदां अनुभवलें आहे. आणि त्या रात्रीं आमच्याजवळ जी वस्तु नव्हती, ती दोन किलो तांदळाच्या मोलाची होती.

नावेचा पंखा म्हणजे मळसूत्राचाच एक तुकडा होय. स्क्रू लांकडांत फिरला कीं पुढें सरकतो, तसाच पंखा पाण्यांत फिरून नाव पुढें रेटतो. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज गृहस्थानें आपल्या नावेस प्रथम दोन वेढ्यांचें लांकडी मळसूत्र बसविलें होतें. 1837 सालीं पॅडिंग्टनच्या कालव्यांत प्रयोग चालू असतां तें कशाला तरी आपटून निम्में मोडलें, आणि आश्चर्य असें कीं नाव पूर्वीपेक्षां जलद चालूं लागली! पंखा मोडल्यानें कोणाचा फायदा झाल्याचें एवढें एकच उदाहरण मला ठाऊक आहे.

लहान होड्यांच्या पाठीमागें जें सुटें इंजिन अडकवितात, त्याची रचना समजण्यासारखी आहे. इंजिनाची शक्ति दांतेरी चाकांवाटे एका आडव्या धुऱ्यास मिळते आणि धुऱ्यावर पंखा असतो. अगदीं लहान इंजिनांत पंखा धुऱ्याला पक्का जोडलेला नसतो. दोहोंच्या आरपार बोटाएवढी एक पिन घातलेली असते, आणि ती मुद्दाम मऊ धातूची करतात. पंखा खडकावर आपटला किंवा त्याला दोर गुंडाळला म्हणजे ती तुटते, पंखा धुऱ्यावर मोकळा होतो, आणि आंतील मौल्यवान दांतेरी चाकें वांचतात. आपल्या घरांतील विजेच्या फ्यूजची तार हेंच काम करते. मोठ्या इंजिनांत पिनेऐवजीं पंख्याच्या पोटांत रबराचा गाभा असतो. जोराचा आघात झाला कीं तो घसरतो. पिन तुटणें हा यंत्राचा दोष नव्हे. तो तिचा धर्म आहे. मात्र तुटलेल्या जागीं दुसरी घालणें हा माणसाचा धर्म राहतो.

1996 सालच्या मार्गशीर्षांत मी रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खाडीकांठच्या शाळेंत शिकवीत होतों. माझा एक जुना विद्यार्थी मला जाळें ओढण्याची मौज दाखविण्यासाठीं आपल्या होडींतून घेऊन गेला. परततांना दिवस मावळला, आणि पाण्यांत वाहत आलेला कोणाच्या तरी जाळ्याचा दोर पंख्याला गुंडाळला. इंजिन मोठ्यानें घरघरलें, पण होडी जागची हलेना. पिन तुटली होती. पोरानें हंसत कमरेची तपकिरीची डबी काढली. तींत चार नव्या पिना होत्या. "गुरुजी, पांच मिनिटांचें काम!" असें म्हणून त्यानें इंजिन उचलून आडवें केलें, कोयत्यानें दोर कापून काढला, आणि मग तो थबकला. पंख्याच्या टोपणाला अडकवणारी जी दुपाखी खिट्टी असते, ती गंजून बसली होती, आणि ती ओढायला पक्कड नव्हती. पक्कड घरीं, ओटीवर राहिली होती. कोयत्याचें टोंक लावून पाहिलें, तें मोडलें. दांतांनीं ओढण्याचाहि प्रयत्न झाला, तो मीं थांबविला.

हिंवाळ्यांत आपल्या किनाऱ्यावर रात्रीं जमिनीकडून समुद्राकडे वारा सुटतो; त्यालाच मतलई वारा म्हणतात. त्या वाऱ्यानें आमची होडी गांवाच्या दिव्यांपासून हळूहळू दूर नेण्यास आरंभ केला. पांच वाव पाण्यांत टाकलेला नांगर प्रथम घसरला, मग त्यानें तळ धरला. धरला म्हणून आज मी बोलतों आहें. पहांटे दुसऱ्या एका नाखव्यानें आम्हांस ओढीत आणलें, तेव्हां पोराची आई गुडघाभर पाण्यांत कंदील घेऊन उभी होती. ती माझ्याशीं एक शब्दहि बोलली नाहीं.

पिन संपली असतां तिच्या जागीं पोलादी खिळा ठोकण्याची एक रीत मीं पाहिली आहे. तिच्यासारखी घातक रीत नाहीं. खिळा तुटत नाहीं, म्हणून पुढच्या आघाताला आंतील चाकाचे दांते तुटतात. चार रुपये वांचविण्यासाठीं एका घराचा सबंध हंगाम बुडाल्याचें मला माहीत आहे.

तेव्हां होडींत काय असावें? त्याच मापाच्या पांचसहा पिना, तितक्याच खिट्ट्या, एक पक्कड, पंख्याच्या नटाला बसेल असा पाना, हातोडी, तुटलेला तुकडा ठोकून काढण्यास एक बोथट खिळा, धारदार सुरी आणि ग्रीसची डबी. जुना, किंचित् वांकलेला पंखाहि जवळ असावा. घरीं परतण्यापुरता तो पुरतो. मात्र त्याचा व्यास आणि मळसूत्राचा चढ इंजिनाला जुळणारा पाहिजे. चढ फार झाला तर इंजिन दमतें. प्रत्येक हत्याराला दोरी बांधून ती मनगटांत अडकवावी, कारण समुद्रांत पडलेला पाना परत मिळत नाहीं. आणि पंख्याला हात लावण्यापूर्वीं इंजिन बंद करून त्याच्या प्लगची तार काढून ठेवावी. ही गोष्ट मी वर्गांतल्या पाढ्यासारखी घोकून घेतों.

मोठ्या यांत्रिक नौकांची गोष्ट निराळी. तेथें पंखा निमुळत्या धुऱ्यावर चावी आणि नट यांनीं घट्ट बसविलेला असतो, व तो भर समुद्रांत बदलणें बहुधा शक्य नसतें. भरतीला नौका रेतीवर लावून ओहोटींत काम उरकावें लागतें. म्हणून अशा नौकेंत पंख्यापेक्षां, धुरा जेथें तळांतून बाहेर पडतो तेथें पाणी अडविणारी चरबट दोरी आणि जोडाचे बोल्ट राखणें अधिक शहाणपणाचें. पंख्याची खरी तपासणी 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या दिवसांत, नौका वर ओढलेली असतां होते.

माझा तो विद्यार्थी आतां स्वतः दोन होड्यांचा नाखवा आहे. गेल्या नारळी पौर्णिमेस मीं गांवीं गेलों, तेव्हां त्यानें न विचारतांच डबी उघडून दाखविली. पक्कड दोरीसह जागेवर होती. पिना मीं मोजल्या, पांचच भरल्या.

"सहावी कोठें रे?"

"काल शेजारच्या होडीला दिली, गुरुजी. बाजारांतून आज संध्याकाळीं आणतों."