संगणक प्रयोगशाळेतील डिस्क इमेज : निर्मिती व नेटवर्कद्वारे वितरण

प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे कार्यप्रणाली व सॉफ्टवेअर बसविणे वेळखाऊ असते. शिवाय संगणकासंगणकांत तफावत राहते. प्रात्यक्षिक परीक्षेत ही तफावत विद्यार्थ्यास भोवते. यावरील उपाय म्हणजे डिस्क इमेज होय. तिची कार्यपद्धती व मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम एक संगणक नमुना म्हणून पूर्णतः सज्ज करून त्याच्या डिस्कची प्रत सर्व्हरवर साठविली जाते, हीच इमेज. पीएक्सई सुविधेमुळे इतर संगणक आपल्या डिस्कऐवजी नेटवर्कवरून सुरू होतात. डीएचसीपीद्वारे त्यांना आयपी पत्ता व टीएफटीपीद्वारे प्रारंभिक प्रोग्रॅम मिळतो. त्यानंतर इमेज उतरविली जाते. मल्टिकास्ट पद्धतीत सर्व्हर एकच प्रवाह पाठवितो आणि सर्व संगणक तो एकाच वेळी ग्रहण करतात. तैवानमध्ये विकसित झालेल्या ‘क्लोनझिला’ या मुक्त प्रणालीच्या निर्मात्यांनी ५.६ जीबीची इमेज ४१ संगणकांवर सुमारे १० मिनिटांत उतरविल्याचे नमूद केले आहे.

मात्र नमुना संगणकातील व्हायरस, चुकीची मांडणी वा राहून गेलेला पासवर्डही त्याच वेगाने सर्वत्र पोहोचतो. विंडोजच्या बाबतीत इमेज घेण्यापूर्वी ‘सिसप्रेप’ चालवून त्या संगणकाची स्वतंत्र ओळख काढून टाकणे आवश्यक ठरते. तसेच इमेज उतरविताना त्या डिस्कवरील पूर्वीची माहिती पुसली जाते. विद्यार्थ्यांचे प्रकल्प आधीच अन्यत्र सुरक्षित ठेवणे हे प्राध्यापकांचे कर्तव्य होय.

सारांश, वितरणास मिनिटे पुरतात. नमुना संगणकाच्या तपासणीस मात्र पुरेसा अवधी द्यावा. प्रथम एकाच संगणकावर इमेज उतरवून पडताळणी करावी व मगच ती सर्वत्र न्यावी.