हैदराबादची पेशींची प्रयोगशाळा आणि आपल्या सोयरिकी

आज मी कुंभकोणमहून बोलतोय. इथे आणि शेजारच्या तंजावरात घरात मराठी बोलणारी कुटुंबं आजही आहेत. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलं. १८५५ मध्ये राज्य गेलं, भाषा मात्र राहिली. ती टिकण्याचं एक मोठं कारण म्हणजे सोयरिकी. चहूबाजूंना तमिळ मुलूख, म्हणून मुलगी द्यायची ती आपल्यातच आणि सून आणायची तीही आपल्यातलीच. एक पिढी २५ वर्षांची धरली तर ३५० वर्षांत १४ पिढ्या होतात. इतक्या पिढ्या थोड्याच घरांत लग्नं होत राहिली, तर भाषेबरोबर आणखी काय काय पुढे जातं? असल्या प्रश्नांची उत्तरं जिथे शोधली जातात, त्या संस्थेची आज ओळख करून घेऊ.

ही संस्था हैदराबादला आहे. नाव 'सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी', पण सगळे तिला सीसीएमबी म्हणतात. १९७७ मध्ये डॉ. पुष्प मित्र भार्गव यांच्या नेतृत्वाखाली ती सुरू झाली. २६ नोव्हेंबर १९८७ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी ती राष्ट्राला अर्पण केली. सजीवांचं शरीर पेशींचं बनलेलं असतं आणि पेशीचा सगळा कारभार रेणूंवर चालतो. तो कारभार समजून घेणं हे इथलं काम. कोणी जंतूंवर काम करतं, कोणी फळमाशीवर, कोणी भाताच्या करप्यावर, कोणी वाघाच्या विष्ठेतून त्याचा डीएनए काढतं.

अशा संस्थेतलं रोजचं जगणं बाहेरून वाटतं तितकं झगमगीत नसतं. पीएचडीसाठी आलेला विद्यार्थी पाच-सहा वर्षं एकाच प्रश्नाला धरून बसतो. फौजेत नवा जवान आधी रायफल खोलायला आणि जोडायला शिकतो. इथे नवा विद्यार्थी आधी पिपेट धरायला शिकतो, कारण थेंबाच्याही लहानशा भागाचं माप अचूक यावं लागतं. प्रत्येक प्रयोगात एक नळी अशी ठेवतात, की तिच्यात सगळी रसायनं असतात, पण नमुन्याऐवजी नुसतं पाणी असतं. त्या नळीत काही दिसायला नको. दिसलं, तर कुठेतरी भेसळ झाली असं समजून दिवसभराचं काम टाकून द्यायचं आणि उद्या पुन्हा सुरुवात करायची. या शिस्तीवर संस्थेचा शब्द टिकतो.

इथल्या कामाचा उपयोग कुठे होईल, ते आधी सांगता येत नाही. डॉ. लालजी सिंग पट्टेरी मण्यार या सापातल्या नर-मादीच्या गुणसूत्रांचा अभ्यास करत होते. त्यात सापडलेला डीएनएचा एक तुकडा पुढे माणसं ओळखण्याच्या कामी आला. त्यातून सीसीएमबीमध्ये डीएनए फिंगरप्रिंटिंगचं देशी तंत्र तयार झालं. ज्यांनी ही संस्था राष्ट्राला अर्पण केली, त्या राजीव गांधींची २१ मे १९९१ रोजी याच तमिळनाडूत, श्रीपेरुंबुदूरला हत्या झाली. त्या तपासातही हे तंत्र वापरलं गेलं.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा एखाद्या समाजातल्या काही जणांनी संमती देऊन रक्ताचा नमुना दिला. पुढे काय होतं? तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, म्हणून डीएनए मिळतो तो पांढऱ्या पेशींतून. पेशी फोडायच्या, प्रथिनं काढून टाकायची, मग अल्कोहोल घालायचं. नळीत पांढरट धागे दिसू लागतात, तोच डीएनए. त्यातली लाखो ठिकाणची अक्षरं यंत्र वाचतं आणि संगणक दोन माणसांची अक्षरं शेजारी ठेवून ताडून पाहतो.

यातली खूण समजायला सोपी आहे. प्रत्येक पिढीत आईवडिलांकडून येणाऱ्या डीएनएची थोडी कापाकापी आणि सरमिसळ होते. म्हणून पूर्वज जितका जुना, तितके त्याच्याकडून आलेले तुकडे आखूड. एकमेकांना नातेवाईक न समजणाऱ्या दोन माणसांत लांबच लांब तुकडे जसेच्या तसे सापडले, तर त्यांचे पूर्वज फार मागे न जाता एकत्र येतात. अनेकांत असं सापडलं, तर तो समाज थोड्याशा मूळ कुटुंबांपासून वाढला, असा अर्थ निघतो.

सीसीएमबीचे डॉ. कुमारसामी तंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइख यांच्या गटांनी मिळून भारतात हे काम केलं. २००९ मध्ये त्यांचा पहिला मोठा निबंध आला. २०१७ च्या निबंधात दक्षिण आशियातल्या २,८०० हून अधिक लोकांचे नमुने होते. त्यात ८१ समाज असे निघाले, की त्यांच्या मुळाशी असलेली कुटुंबं फारच थोडी होती. अशा बाबतीत जगभर अश्केनाझी ज्यू आणि फिनलंडचे लोक यांचं उदाहरण देतात. हे ८१ समाज त्यांच्याही पुढे होते, आणि त्यातल्या १४ समाजांची आजची संख्या प्रत्येकी दहा लाखांहून जास्त आहे. म्हणजे समाज आज मोठा दिसतो म्हणून त्याचं मूळही मोठं असेल, असं नाही.

यात धोका काय? आपल्या प्रत्येकात काही बिघडलेली जनुकं असतात. दुसरी प्रत चांगली असल्यामुळे आपल्याला काही होत नाही, आपण फक्त वाहक असतो. नवरा-बायको दोघंही एकाच बिघाडाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी लग्न झालं तर दोघांची आठवा हिस्सा जनुकं सारखी असतात. इथे तमिळनाडूत मामा-भाचीचं लग्नही होतं, तिथे हा वाटा पाव असतो. पण लहान समाजात नातं नसलेल्या घरातली मुलगी केली, तरी मुळातले पूर्वज एकच असू शकतात. गोत्र वेगळं आहे, एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही.

दक्षिणेतल्या वैश्य समाजाचं उदाहरण घ्या. शस्त्रक्रियेआधी श्वासनलिकेत नळी घालताना स्नायू सैल करायला सक्सिनिलकोलिन नावाचं औषध देतात. एक एन्झाइम ते काही मिनिटांत मोडून टाकतं. वैश्य समाजात या एन्झाइमची कमतरता इतरांपेक्षा सुमारे शंभरपट आढळते. अशा रुग्णाला हे औषध दिलं, तर श्वासाचे स्नायू तासन्‌तास परत काम करत नाहीत. आधी माहीत असेल तर डॉक्टर दुसरं औषध वापरतात आणि प्रश्न तिथेच मिटतो.

तंजावरी मराठी समाजात असं काही आहे, असं मी म्हणत नाही. कोणत्याही समाजाला यात कमीपणाही नाही. थोड्या घरांनी परमुलखात तग धरला, त्याचाच हा हिशेब आहे.

उपाय काय, ते न्यूयॉर्कच्या ज्यू लोकांनी दाखवलं आहे. रब्बी जोसेफ एकस्टाइन यांची चार मुलं टे-सॅक्स या आनुवंशिक आजाराने गेली. त्यांनी १९८० च्या दशकात 'डोर येशोरिम' ही संस्था काढली. तरुण मुलामुलींची तपासणी होते आणि त्यांना फक्त एक क्रमांक मिळतो. स्थळ आलं की दोघांचे क्रमांक ताडून पाहतात. कोण वाहक आहे याची गावभर चर्चा होत नाही, मुलीला कोणी नावं ठेवत नाही.

तेव्हा आपण तीन गोष्टी करू या. घरात तीन पिढ्यांत कोणतं मूल लहानपणी गेलं, कोणाला भूल दिल्यावर त्रास झाला, कोणाला कोणता आजार होता, हे लिहून काढा. आजीला विचारा, ती आहे तोवर. शस्त्रक्रियेआधी हा कागद भूलतज्ज्ञाला दाखवा. आणि नात्यात किंवा जवळच्या घरांत लग्न ठरवताना साखरपुड्याच्या आधी आनुवंशशास्त्राच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. पत्रिका बघता तशी बघा. पत्रिकेला जेवढा वेळ लागतो, त्याहून फार जास्त लागणार नाही.