तांबुसलेले टायर आणि ते धुणारे हात

वसंत व्याख्यानमालेत स्वातंत्र्य, वाङ्मय, विज्ञान असे विषय सोडून आम्ही मोटारीच्या चाकाविषयी बोलतो, याचे काहींना नवल वाटेल. पण जी वस्तू रोज डोळ्यांसमोरून फिरते, तिच्याविषयीचे अज्ञानच माणसाला अधिक महाग पडते, असा आमचा अनुभव आहे.

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून आधी फियाट आणि पुढे पद्मिनी या नावाची मोटार बाहेर पडली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीची ती ओळखच होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावर उरली नाही. आता ज्या पद्मिनी शिल्लक आहेत, त्या हौसेने सांभाळलेल्या. सुट्टीच्या दिवशी अशी एखादी गाडी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर येते. पत्रा चकाकत असतो, व्हीलकॅपमध्ये तोंड दिसते. पण टायर मात्र तांबूस, जणू चिखलात बुडवून काढलेले. मालकाला ते खटकते. मग तो धुण्याच्या दुकानी जातो, आणि तिथला पोरगा बाटलीतले आम्ल उघड्या हाताने चाकावर ओततो.

आमचा प्रश्न इथून सुरू होतो. हा तांबूसपणा मळ आहे काय? काही अंशी आहे. रस्त्याची धूळ आणि ब्रेकची लोखंडी भुकटी त्यात असतेच. पण खरे कारण टायरच्या पोटात आहे. रबर मूळचे पांढरट. त्याला बळ यावे म्हणून त्यात काजळी मिसळतात, आणि त्यामुळे टायर काळा दिसतो. हवेतला ओझोन वायू रबराचे धागे तोडतो आणि मग बाजूला भेगा पडतात. त्यावर तोड म्हणून कारखानदार रबरात मेण आणि एक ओझोनविरोधी द्रव्य घालतात. टायर फिरताना दबतो आणि पुन्हा सरळ होतो. त्यासरशी हे द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येते, ओझोनचा मारा स्वतःवर घेते आणि तपकिरी होते. म्हणजे ज्याला आपण डाग म्हणतो, ते टायरने स्वतःच्या रक्षणासाठी वर आणलेले औषध आहे. वरचा खर्च झालेला थर काढण्यास हरकत नाही. पण त्यासाठी रबराशी वैर धरण्याचे कारण नाही.

आता धुण्याची रीत. गाडी सावलीत घ्यावी, चाक थंड होऊ द्यावे. आधी गोड्या पाण्याने सगळे भिजवावे. सौम्य साबणाचे पाणी चाकासाठी वेगळ्या बादलीत घ्यावे; तीच बादली पत्र्याला वापरली तर चाकातली भुकटी रंगावर ओरखडे काढते. मध्यम कडक नायलॉनचा ब्रश साबणात बुडवून टायर गोल गोल घासावा. पहिला फेस तपकिरी येईल. तो वाळू न देता धुऊन टाकावा आणि फेस पांढरा येईपर्यंत दोनतीनदा हेच करावे. टायर आधी घ्यावा आणि रिम नंतर, कारण टायरचे तांबडे पाणी रिमवरच ओघळते. रिमला मात्र मऊ फडके, ब्रश नव्हे. शेवटी सर्व कोरडे पुसावे.

रिमची जात ओळखल्यावाचून कोणतेही औषध लावू नये. पद्मिनीची रिम रंगवलेल्या पोलादाची आणि व्हीलकॅप क्रोमची; तारेच्या घासणीने क्रोमवर चरे पडतात, आणि अर्नाळ्यासारख्या ठिकाणी त्या चऱ्यांतून खारी हवा शिरून गंज धरते. म्हणून किनाऱ्यावरून परतल्यावर चाके गोड्या पाण्याने धुणे हाच अर्धा इलाज. ॲल्युमिनियमची रिम असेल तर आम्ल तिला खाते आणि कॉस्टिक सोडाही खातो. आऱ्यांच्या चाकात आऱ्यांच्या मुळाशी पाणी साचते, ते कोरडे करावे. टायरची बाजू पांढऱ्या पट्ट्याची असेल तर तो पांढऱ्या रबराचा पातळ थर आहे, हे ध्यानात ठेवून हलक्या हाताने घासावे.

रॉकेल किंवा डिझेल चोळून टायर काळा करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. ती सोडावी, त्या तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. चकाकी हवीच असेल तर पाण्यात मिसळणारे मलम बाजूला पातळ लावावे. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला ते मुळीच लावू नये, नाहीतर गाडी घसरेल. जुन्या मोटारींचे ड्रम ब्रेक भिजले की पकड कमी होते, म्हणून धुतल्यावर सावकाश चालवून दोनचार वेळा ब्रेक दाबून पाहावा.

चकाकीने वय झाकते, हेही विसरू नये. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. दहा वर्षे उलटलेला टायर नक्षी शाबूत असली तरी बदलावा. हौसेच्या गाड्या कमी फिरतात, त्यामुळे त्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

आता त्या पोराच्या हाताकडे वळू. चाक साफ करण्याच्या काही औषधांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते. हे सौम्य प्रमाणात असले की लागल्याबरोबर चटका बसत नाही. कातडीतून आत उतरते, शरीरातला कॅल्शियम खाते आणि काही तासांनी वेदना सुरू होतात, तोवर हाडापर्यंत इजा गेलेली असू शकते. असे काही लागले तर वाहत्या पाण्याखाली हात धरावा आणि बाटली बरोबर घेऊन लगेच रुग्णालय गाठावे; तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचा लेप देतात. साबण आणि ब्रश यांनी होणाऱ्या कामासाठी दिवसाच्या रोजावर राबणाऱ्याची बोटे पणाला लावणे आम्हाला मान्य नाही. मालकाने दहा मिनिटे जास्त थांबावे आणि दुकानदाराने रबरी हातमोजे द्यावेत, एवढेच आमचे मागणे आहे.

आणखी एक गोष्ट, आणि ती कोळ्यांच्या गावात सांगितलीच पाहिजे. टायरमधले हेच रक्षक द्रव्य ओझोनशी मिळून जो पदार्थ होतो, तो रस्त्यावरच्या पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात गेला की कोहो जातीचे सालमन मासे मरतात, असे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले. ज्या गावाचे पोट समुद्रावर आणि वैतरणेच्या खाडीवर चालते, त्या गावात चाकाचे तांबडे पाणी थेट गटारात सोडू नये. मातीच्या अंगणात, विहिरीपासून दूर, थोड्या पाण्यात धुवावे.

तेव्हा श्रोतेहो, टायर जरूर काळा करा. पण रिमचे क्रोम, पोराची कातडी आणि खाडीतला मासा यांतले काहीही त्याच्या मोबदल्यात देऊ नका. ते द्यावे लागत नाही. साबण, ब्रश आणि थोडा धीर पुरतो.