कासवछाप कमाई!

मीटिंग लांबली की तुम्ही काय करता? वहीच्या कोपऱ्यात बॉसचं कार्टून काढता, शेजारच्याला दाखवता, दोघं गालातल्या गालात हसता आणि ते पान टरकावून डस्टबिनमध्ये टाकता. बरोबर?

केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोन दोस्तांनी ते पान टाकलं नाही. बस्स, एवढाच काय तो फरक!

गोष्ट १९८३ च्या नोव्हेंबरमधली. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधलं डोव्हर हे छोटंसं गाव. दोघंही कॉमिक्सवेडे आणि दोघांचेही खिसे रिकामे. एका रात्री लेअर्डला हसवायला म्हणून ईस्टमननं दोन पायांवर उभं राहिलेलं, तोंडावर मास्क बांधलेलं एक कासव काढलं आणि वर लिहिलं, ‘निन्जा टर्टल’. आता निन्जा म्हणजे चपळाईचा कळस आणि कासव म्हणजे... असो! लेअर्डनं त्यात ‘टीनएज म्युटंट’ हे दोन शब्द जोडले. एकाची चार कासवं झाली आणि त्यांना नावं मिळाली थेट इटलीच्या रेनेसान्समधली. लिओनार्डो, डोनाटेलो, राफाएल, मायकेलअँजेलो.

स्टुडिओ नाही, म्हणून ‘मिराज’!

कंपनीचं नाव ठेवलं मिराज स्टुडिओज. मिराज म्हणजे मृगजळ. कारण स्टुडिओ नव्हताच, होती ती घराची बैठकीची खोली! ईस्टमनचा टॅक्स रिफंड, लेअर्डची बँकेतली किडुकमिडुक शिल्लक आणि ईस्टमनच्या काकांकडून घेतलेलं कर्ज, एवढ्या भांडवलावर साधारण तीन हजार प्रती छापल्या. रंगीत छपाई परवडणार नव्हती, म्हणून ब्लॅक अँड व्हाइट. उरलेल्या पैशात ‘कॉमिक्स बायर्स गाइड’मध्ये एक फुल पेज जाहिरात. मे १९८४ मध्ये अंक बाजारात आला आणि बघता बघता संपलासुद्धा!

खरं तर ही फ्रँक मिलरच्या ‘डेअरडेव्हिल’सारख्या त्या वेळच्या हिट कॉमिक्सची टर होती. पुढचा अंक काढायचा विचारच नव्हता, त्यामुळे श्रेडर हा व्हिलन पहिल्याच अंकात खल्लास! पण वाचकांनी आणखी मागितलं आणि १९८५ मध्ये दुसरा अंक आला तेव्हा दोघांना पूर्णवेळ हेच काम करणं परवडायला लागलं.

सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे कॅरेक्टर्सची मालकी त्यांच्याकडेच होती. सुपरमॅनच्या जन्मदात्यांनी १९३८ मध्ये आपला हीरो १३० डॉलरला विकून टाकला होता आणि पुढे आयुष्यभर पस्तावले. कासवांचे मालक मात्र दोनच, ईस्टमन आणि लेअर्ड.

खेळणी आधी की कार्टून?

मग एन्ट्री झाली मार्क फ्रीडमन या लायसन्सिंग एजंटची. नामवंत खेळणी कंपन्यांनी नकार दिला. शेवटी प्लेमेट्स तयार झाली, पण एका अटीवर. आधी टीव्हीवर कार्टून पाहिजे! म्हणून डिसेंबर १९८७ मध्ये पाच भागांची मिनी सीरिज आली आणि १९८८ मध्ये खेळणी. मग मात्र मुलांनी आईबापांना सळो की पळो करून सोडलं.

अर्थात टीव्हीवर जायचं तर मेकओव्हर आलाच. कॉमिकमधली कासवं चांगलीच हिंसक, मास्क सगळ्यांचे लाल. कार्टूनमध्ये प्रत्येकाला वेगळा रंग मिळाला, पिझ्झाचं वेड आलं, श्रेडर पुन्हा जिवंत झाला आणि त्याचे सैनिक चक्क रोबो झाले, म्हणजे कितीही बडवा, रक्त सांडायला नको! १९९० मध्ये सिनेमा आला. जिम हेन्सनच्या क्रिएचर शॉपनं कासवांचे सूट बनवले. खर्च १ कोटी ३५ लाख डॉलर, जगभरातली कमाई २० कोटींच्या वर. तोही मोठ्या स्टुडिओच्या पैशाशिवाय!

...आणि चित्रं काढायची राहिलीच

हॅपी एंडिंग? थांबा जरा. खेळणी, कपडे, व्हिडिओ गेम, प्रत्येक वस्तूला मंजुरी द्यायची ती या दोघांनीच. चित्रं काढायला बसलेली माणसं काँट्रॅक्ट वाचत बसली. कॉमिकचे कितीतरी अंक दुसऱ्याच चित्रकारांनी काढले. एका टेबलावर बसून एकच पान रंगवणाऱ्या दोस्तांमध्ये अंतर पडत गेलं. ईस्टमननं टंड्रा नावाची प्रकाशनसंस्था काढली, तिच्यात कोट्यवधी डॉलर घातले आणि काही वर्षांतच ती गुंडाळली. २००० च्या दशकात त्यानं आपला हिस्सा लेअर्डला विकला. २००९ मध्ये लेअर्डनंही सगळं व्हायाकॉमला देऊन टाकलं, ६ कोटी डॉलरला. पण पठ्ठ्यानं एक हक्क राखून ठेवला. वर्षाला कासवांचे ठरावीक ब्लॅक अँड व्हाइट अंक स्वतः काढण्याचा! करोडोंच्या डीलमध्येसुद्धा त्याला हवं होतं ते बैठकीच्या खोलीतलं काम.

आणखी एक. १९९२ मध्ये लेअर्डनं झेरिक फाउंडेशन सुरू केलं. स्वतःच्या खिशातून कॉमिक छापणाऱ्या नवख्यांना या संस्थेनं वीस वर्षं अनुदान दिलं. काकांचं कर्ज त्यानं अशा प्रकारे पुढच्यांना फेडलं म्हणा ना!

कासवं अजून पळतायत. २०२३ मध्ये ‘म्युटंट मेहेम’ हा अ‍ॅनिमेशनपट आला. ईस्टमनही २०११ पासून नव्या कॉमिक्सच्या कामात परतला, आता मालक म्हणून नाही, कलाकार म्हणून.

तेव्हा पुढच्या मीटिंगमधलं ते पान फाडू नका, जपून ठेवा. आणि कुणी त्यावर सही मागितली, तर आधी नीट वाचा. पैशाचा आकडा तर बघाच, पण सही केल्यावर पेन्सिल तुमच्याच हातात राहणार आहे ना, तेही बघा!