भोपळा, बिअर आणि जायफळ

सतराव्या शतकात इंग्लंडहून उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर येऊन वसलेल्या लोकांच्या घरात बिअर हे रोजचे पेय होते. लहानथोर सगळेच ती पीत. पंचाईत होती ती माल्टची. बार्लीला मोड आणून ती वाळवली, भाजली की माल्ट तयार होते, आणि त्यातल्या साखरेवर बिअर आंबते. नव्या वसाहतींत बार्लीचे पीक बेताचे, आणि इंग्लंडहून जहाजाने आणलेले माल्ट महाग. तांबडा भोपळा मात्र उदंड होता. तिथले मूळ रहिवासी मका आणि घेवड्याच्या जोडीने त्याचे वेल पिढ्यान्‌पिढ्या लावत आले होते. तेव्हा आंबवण्यापुरती साखर भोपळ्यातूनच काढावी, अशी तोड निघाली. भोपळा, पार्सनिपचे कंद आणि अक्रोडाच्या ढलप्या यांची दारू गाळून दिवस काढणाऱ्या वसाहतकऱ्यांची थट्टा त्याच काळातल्या एका गाण्यात आढळते.

रॉबर्ट बेव्हर्ली याने १७०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्हर्जिनियाच्या इतिहासात या पेयाची पायरी नेमकी दिसते. श्रीमंत घरांत इंग्लंडच्या माल्टची बिअर होई. गरीब लोक काकवी आणि कोंडा, मका, बटाटे किंवा भोपळा यांवर भागवत. गंमत म्हणजे बेव्हर्लीच्या मते व्हर्जिनियात बार्ली उत्तम येत होती, पण माल्ट करण्याची सोयच नसल्याने ती पेरण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे.

१७७१ मध्ये अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीकडे नोंदली गेलेली कृती साधी आहे. भोपळा डोणीत चेचायचा, सफरचंदासारखा दाबून रस काढायचा, तांब्याच्या भांड्यात बराच वेळ उकळायचा आणि गराचे तंतू राहू नयेत म्हणून वर येणारी मळी काढत राहायची. मग हॉप्सची कडसर फुले घालून, निववून बिअरसारखे आंबवायचे. या कृतीत माल्ट नाही आणि मसालाही नाही.

एकोणिसाव्या शतकात बार्ली आणि माल्ट सहज मिळू लागले, तशी ही बिअर मागे पडली. अडचणीच्या दिवसांची आठवण हौसेने कोण पिणार? भोपळा ‘पाय’ या भाजलेल्या गोड पदार्थात मात्र टिकला. अमेलिया सिमन्सच्या १७९६ मधील पाककृतींच्या पुस्तकात त्या पदार्थात जायपत्री, जायफळ आणि आले आहे.

बिअरचा दुसरा जन्म झाला तो याच मसाल्यामुळे. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील हेवर्ड येथे छायाचित्रकार बिल ओवेन्स ‘बफेलो बिल्स’ ही छोटी ब्रुअरी चालवत होते. जॉर्ज वॉशिंग्टनने बिअरमध्ये भोपळा वापरल्याचे वाचून त्यांनी घरचा भोपळा भाजला आणि माल्टमध्ये घातला. तयार बिअरला भोपळ्याची चवच लागेना. शेवटी त्यांनी पायचा मसाला त्यात मिसळला आणि आजच्या पंपकिन एलचा, म्हणजे भोपळ्याच्या बिअरचा, साचा ठरला. ‘डॉगफिश हेड’ या ब्रुअरीची पंकिन एल १९९४ मध्ये याच वाटेने आली.

ओवेन्सना आलेला अनुभव स्वाभाविक होता. भोपळ्याच्या गरात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. त्यातली थोडी साखर यीस्ट खाऊन टाकते आणि मागे रंग, जरासा दाटपणा आणि पुसटसा वास उरतो. आपल्या भोपळ्याच्या घारग्यांची ओळखही गूळ आणि वेलची-जायफळावरच तर असते! त्यात गर माल्टच्या पाण्यात पडला की सगळे चिकट होऊन निथळत नाही; म्हणून अनेक ब्रुअर त्यात भाताचे तूस घालतात. काही जण गर आधी भट्टीत खरपूस भाजतात, तर काही भोपळ्याला फाटा देऊन नुसत्या दालचिनी, जायफळ, लवंग आणि सुंठेवर काम भागवतात.

अमेरिकेत ही बिअर ऑगस्टमध्येच दुकानांत दिसू लागते, भोपळ्याची मुख्य काढणी मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरची. त्यामुळे ती बरीचशी डबाबंद गरावर तयार होते. हा गर बहुतेक वेळा डिकिन्सन जातीचा असतो, आणि ते फळ हॅलोविनच्या केशरी भोपळ्यासारखे नसून फिकट तपकिरी आणि लांबट असते.