तळघराचे बारा अंश

इंग्लंडातील बिअर कोमट असते, हा दूरदूर रूढ झालेला समज तेथील एखाद्या नेकीने चालविलेल्या पबच्या तळघराची पायरी उतरताच गळून पडतो. कारण पुण्यात पौष-माघाच्या पहाटे जो गारवा अंगाला झोंबतो, तोच ११ ते १३ अंश सेल्सिअसचा गारवा तेथे बारमाही राखलेला असतो. हा आकडा प्रथमतः ठरला आहे तो पिपातील यीस्टच्या सोयीने.

'कास्क एल' ही बिअर ब्रुअरीत ना गाळली जाते, ना तिचे पाश्चरीकरण होते; यीस्ट जिवंत असतानाच ती पिपात भरतात आणि तिचे दुसरे किण्वन पबच्या तळघरात पुरे होते. त्यामुळे ब्रुअरीतील कसबी माणसाच्या कामाचा अखेरचा हिस्सा पबमालकाच्या जिम्म्यावर येतो. तळघर तापले तर यीस्ट बेफाम होते, वायू निसटतो आणि बिअर मिळमिळीत होऊन लवकर आंबते; फार गारठले तर यीस्ट निजते, प्रथिनांनी बिअर गढूळ होते व तिचा सुगंध मिटून जातो. बारा अंशांच्या आसपास मात्र ती साधारणपणे स्वतःच्या आकारमानाइतका कार्बन डायऑक्साइड पोटात धरून ठेवते, आणि तेवढाच तिला शोभतो.

'फर्किन' म्हणजे ९ गॅलनांचे, सुमारे ४१ लिटरचे पीप. ते घडवंचीवर आडवे निजवून, पाचरी ठोकून अचल केले, की वरच्या बुचात मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी बसवितात. तिच्यातून फेस बुडबुडत वर येतो; कारभारी तो फडक्याने पुसतो आणि पुन्हा फेस धरायला किती वेळ लागतो ते निरखतो. तो वेळ लांबला म्हणजे किण्वन मंदावले असे समजून तो मऊ खुंटी काढून कठीण लाकडाची बसवितो. हे पारखणे ज्याला साधले, त्याला मी निष्णात कारागीर मानतो. बिअर निवळते ती बहुधा माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेल्या आयसिंगग्लासने (एकोणिसाव्या शतकात अशा वाळविलेल्या पिशव्या मुंबईहूनही इंग्लंडात जात). पीप तापू दिले तर त्याचाही गुण जातो.

कुलुपांसाठी आणि द्रवदाबयंत्रासाठी ख्यातनाम झालेल्या जोसेफ ब्रामा याने १७९७ साली ज्याचे पेटंट घेतले, तो हातपंप आजही ही बिअर वर खेचतो. वायूचा दाब तिला लागत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोठ्या ब्रुअऱ्यांनी गाळलेली, बाहेरून वायू भरलेली, अधिक थंड बिअर सर्वत्र रेटली, तेव्हा १९७१ मध्ये ग्राहकांनीच जी संघटना उभारली, ती पुढे 'कॅम्पेन फॉर रिअल एल' या नावाने प्रसिद्धी पावली. तिच्या खटपटीवाचून ही विद्या बहुतेक अस्तंगत झाली असती, असे माझे मत आहे.

तोटी ठोकल्यावर मात्र घाई असते, कारण पंपाच्या प्रत्येक ओढीबरोबर पिपात बाहेरची हवा शिरते. म्हणून तीन दिवसांत ते रिते व्हावे असा दंडक आहे. शिवाय तळघरापासून गल्ल्यापर्यंतच्या नळीत रात्रभर तिष्ठलेली बिअर सकाळी ओतून टाकावी लागते. तेवढ्या बिअरवर पाणी सोडणे ज्या मालकाच्या जिवावर येते, त्याचे तळघर कितीही बिनचूक असले तरी दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती कोमट आणि शिळी पिंटच पडते.