‘यिन्दू’ची का तू?

शांघायला नोकरीसाठी आल्यापासून टॅक्सीत बसलं की एक प्रश्न ठरलेला. ‘यिन्दू?’ म्हणजे इंडिया. हो म्हटलं की गाडी हमखास आमिर खानवर येते! ‘दंगल’ २०१७ मध्ये इथे ‘चला बाबा, कुस्ती खेळू या’ अशा काहीशा नावाने लागला आणि तुफान चालला. ड्रायव्हर काका वयस्कर असतील तर मात्र राज कपूर. एकांनी मला ‘आवारा’चं गाणं ऐकवलं होतं. शब्द त्यांचे स्वतःचे, पण चाल अगदी बरोबर.

शांघायचा बंड, बीजिंगजवळची भिंत हे सगळं तुम्ही रील्समध्ये बघितलंच असेल. मी सांगेन, शिआनला जा. टेराकोटा सैनिक तर बघालच (१९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडलेले). जुन्या शहराच्या तटावर भाड्याची सायकलही चालवा. पूर्ण फेरा १४ किलोमीटरच्या आसपास आहे, पायांची वाट लागते. पण संध्याकाळ ‘बिग वाइल्ड गूज पॅगोडा’साठी राखून ठेवा. ह्युएन त्संगने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी ६५२ मध्ये हा पॅगोडा बांधला. हा तोच प्रवासी, जो दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला. आपली त्याची ओळख इतिहासाच्या पेपरातल्या दोन मार्कांपुरती. इथे मात्र माकडाला सोबत घेऊन पश्चिमेला निघालेल्या भिक्षूची गोष्ट पोरासोरांनाही पाठ असते. आणि ही पश्चिम म्हणजे आपण! त्याच्या पुतळ्यासमोर तांग काळातले भरजरी पोशाख भाड्याने घेतलेल्या, तुमच्याच वयाच्या मुलींचं रात्रीपर्यंत फोटोसेशन चालू असतं.

(ट्रेन असो की म्युझियम, पासपोर्ट जवळ ठेवा. पैसे फोननेच द्यायचे, त्यामुळे पॉवर बँक विसरू नका. हॉटेलात गार पाणी मागितलंत तरी गरमच येईल, ते प्यायचं.)

आता एक शहर असं सांगते, जे टूर कंपन्यांच्या यादीत नसतं. बीजिंगहून बुलेट ट्रेनने तासा-दीड तासावरचं श-ज्या-च्वांग. बघण्यासारखं फार काही नाही, हवाही धुरकट. पण तिथल्या शहीद स्मारकात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे, पुतळाही आहे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनमध्ये आलं, त्यातले हे एक. ९ डिसेंबर १९४२ ला ते इथेच गेले, अवघ्या ३२ व्या वर्षी. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर सिनेमा काढला होता, पण माझ्या ग्रुपमध्ये हे नाव सांगितलं तर अर्ध्यांनी विचारलं, कोण गं हे?

तिथे नातवाला घेऊन आलेल्या एका आजींनी मला थांबवलं. त्यांची नातेवाईक का तू? नाही म्हटलं, पण भाषा आमची एकच. इथे कोटणीसांना ‘क तीहुआ’ म्हणतात. आजींनी नातवाला पुढे ढकललं आणि मला त्यांचं खरं नाव म्हणून दाखवायला सांगितलं. मी सावकाश म्हटलं, द्वारकानाथ. पोराला पाच-सहा वेळा करूनही ‘द्वा’ काही जमेना, आणि आजी पुन्हा पुन्हा माझ्याकडून म्हणवून घेत राहिल्या.